तांबड्या पेशीची उसनवारी

रक्ताची एक अगदी साधी चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही. रुग्णाच्या शिरेतून काढलेल्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टीपकागदावर टाकायचा आणि शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताचा दुसरा थेंब. शिरेतलं रक्त थोडं काळपट असतंच, पण हवा लागली की निरोगी थेंब बघता बघता लाल होतो. दुसरा थेंब तसाच राहतो, वितळलेल्या चॉकलेटसारखा तपकिरी. कागद हलवा, फुंकर घाला, थोडं थांबा, त्याचा रंग पालटत नाही. त्यातल्या हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरण्याची ताकद गमावलेली असते. अशा माणसाचे ओठ आणि नखं निळसर करडी दिसतात. करोनाच्या काळात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर, त्यातला आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो आणि ऑक्सिजन सुरू केला तरी हलत नाही.

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढलं किंवा कारखान्यात ॲनिलीनसारखं रसायन अंगावर सांडलं तर असं होतं. पण कित्येकदा ते औषधाने होतं, आणि औषध चुकलेलंही नसतं. योग्य रोगावर, योग्य मात्रेत, विचार करून लिहून दिलेली गोळी आपलं काम करता करता रक्ताला झळ लावते. मग घरची माणसं हमखास विचारतात, ‘डॉक्टर, सोबत व्हिटॅमिनची गोळी चालू करू का?’ हा प्रश्न भाबडा नाही. त्यामागे खरं विज्ञान आहे, आणि त्या विज्ञानाला एक खरी मर्यादाही आहे. दोन्ही नीट समजायचं तर आधी तांबड्या पेशीच्या घरात डोकावून यायला हवं.

आपल्या शरीरात साधारण २५ लाख कोटी तांबड्या पेशी आहेत. सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तयार होतात आणि जवळपास तितक्याच जुन्या मोडीत निघतात. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू ठासून भरलेले असतात. एवढा माल मावावा म्हणून पेशीने फार मोठी किंमत मोजलेली आहे. पक्व होता होता ती आपलं केंद्रक टाकून देते आणि ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रियाही. केंद्रक गेलं म्हणजे नवं प्रथिन बनवायची सोय गेली. एखादं विकर, म्हणजे एन्झाइम, बिघडलं तर त्या जागी दुसरं येणार नाही. निघताना बांधून दिलेल्या शिदोरीवरच तिला १२० दिवस काढायचे असतात.

आणि तिचं काम तरी काय, तर लोह आणि ऑक्सिजन यांना एकत्र नांदवायचं. ही दोघं एकत्र आली की काय होतं ते पावसाळ्यात विळीच्या पात्याकडे पाहिलं की कळतं. हिमोग्लोबिनमधलं लोह फुप्फुसात ऑक्सिजनला धरतं आणि ऊतींपाशी नेऊन सोडतं. बहुतेक वेळा हा व्यवहार सुरळीत होतो. पण मधूनच एखादा ऑक्सिजन सुटताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन घेऊन जातो. मागे उरलेल्या हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन होतं, म्हणजे टीपकागदावरचा तो तपकिरी रंग. इलेक्ट्रॉन घेऊन गेलेल्या ऑक्सिजनचं सुपरऑक्साइड होतं आणि ते दिसेल त्याला चावत सुटतं. रसायनशास्त्रात अशा अर्धवट, अस्वस्थ रेणूंना मुक्त मूलकं किंवा फ्री रॅडिकल्स म्हणतात. कुठलंही औषध न घेणाऱ्या धडधाकट माणसाचंही रोज १ ते ३ टक्के हिमोग्लोबिन असं गंजत असतं. तरी त्याचं रक्त तपासलं तर मेथेमोग्लोबिन १ टक्क्याच्या आतच सापडतं, कारण पेशीतली विकरं रात्रंदिवस तो गंज खरवडून काढत असतात.

या विकरांपैकी सुपरऑक्साइडला निकामी करणारं विकर १९६९ मध्ये ओळखलं गेलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी ते गाईबैलांच्या तांबड्या पेशींतून वेगळं काढलं. ते प्रथिन आधीपासून माहीत होतं, त्यात तांबं असतं हेही माहीत होतं. ते करतं काय, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं. शरीराच्या आत मुक्त मूलकं सतत तयार होतात आणि त्यांच्याशी लढायला शरीराने कायमची फौज ठेवली आहे, हा विचार या कामामुळे पक्का झाला. ती फौज पहिल्यांदा रक्तात सापडली याचं मला फार महत्त्व वाटतं.

आता पेशीच्या भिंतीकडे येऊ. ही भिंत मुख्यतः स्निग्ध पदार्थांची असते. तिला काय होतं ते सांगायला मराठीत एक नेमका शब्द आहे : खवट. दाण्याचं कूट डब्याच्या तळाशी महिनाभर राहिलं, सुक्या खोबऱ्याची वाटी जुनी झाली, की नाकाला जो वास येतो तो तेलावर ऑक्सिजनने केलेल्या हल्ल्याचा वास असतो. एका स्निग्धाम्लाचा हायड्रोजन पळवला जातो, मग ते शेजाऱ्याचा पळवतं, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. पेशीच्या भिंतीत अशी साखळी लागली की भिंत ताठर होते, तिला भोकं पडतात आणि आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. रक्तपेशी खवट होऊन फुटली, असं म्हटलं तर ते रसायनशास्त्रातही बरोबर ठरेल.

भिंतीतली ही आग अडवतं ते ई जीवनसत्त्व. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप उंदरांवर प्रयोग करत होते. एका विशिष्ट आहारावर उंदरीण दिसायला निरोगी राही, पण तिचा गर्भ पोटातच मरे. हिरवी पानं खायला दिली की पिल्लं जगत. त्या अनोळखी घटकाला पुढे टोकोफेरॉल म्हणजे ‘अपत्य जन्माला घालणारा’ अशा अर्थाचं ग्रीक नाव मिळालं. नाव प्रजननाचं, पण काम त्याहून फार व्यापक निघालं. हा रेणू तेलात विरघळतो, म्हणून पेशीच्या भिंतीत जाऊन बसतो. हजार-दोन हजार स्निग्ध रेणूंमागे एखादाच, पण साखळी त्याच्यापाशी आली की तो स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतो आणि ती तिथेच थांबते.

याचा माणसातला स्पष्ट पुरावा मिळाला तो सर्वांत लहान माणसांत. ई जीवनसत्त्व बाळाला मिळतं ते मुख्यतः गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत, त्यामुळे दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांकडे त्याचा साठा तुटपुंजा असतो. १९६७ मध्ये फ्रँक ऑस्की आणि लुईस बार्नेस या बालरोगतज्ज्ञांनी दाखवलं की अशी काही बाळं दीड-दोन महिन्यांची होताना फिकी पडतात, त्यांच्या अंगावर सूज येते आणि तांबड्या पेशी भराभर फुटतात. ई जीवनसत्त्व दिलं की ती सुधारत. पुढे असंही दिसलं की या बाळांना रक्त वाढावं म्हणून दिलेलं लोह उलटत होतं, कारण खवटपणाच्या आगीत लोह तेल ओतत होतं. बाळांच्या डब्यातल्या दुधाची घडण या निरीक्षणांमुळे बदलली. जिथे जीवनसत्त्वाची खरी उणीव होती, तिथे त्या जीवनसत्त्वाने रक्त वाचवलं. पुढच्या गोष्टीत ही अट उपयोगी पडणार आहे.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, म्हणून त्याचा वावर भिंतीच्या आत-बाहेरच्या पाण्यात. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये ते वेगळं काढलं, पुढे सेगेदच्या बाजारात मिळणाऱ्या लाल मिरचीतून ते किलोंनी गोळा केलं आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या जीवनसत्त्वाची रक्तावरची करामत पाहायची तर उत्तर आयर्लंडमधल्या लर्गन गावी जावं लागतं. १९४२ मध्ये तिथे जेम्स डीनी नावाच्या डॉक्टरांनी जन्मापासून निळे असलेल्या दोन पुरुषांवर उपचार केले. त्यांच्या रक्तात मेथेमोग्लोबिन दुरुस्त करणारी यंत्रणाच वारशाने कमजोर होती. डीनींनी त्यांना क जीवनसत्त्व आणि खाण्याचा सोडा दिला. पहिल्याचा चेहरा आठव्या दिवशी बदलू लागला आणि बाराव्या दिवशी इतरांसारखा झाला. दुसऱ्याला महिना लागला. आयुष्यभर निळा असलेला माणूस गुलाबी होतो, यापेक्षा ठसठशीत पुरावा कुठला हवा? गंजलेल्या लोहाला क जीवनसत्त्व स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावतं.

पण इलेक्ट्रॉन दिला म्हणजे देणारा रिकामा झाला. मग त्याचं काय होतं? या प्रश्नाच्या उत्तरातच या प्रकरणाचा सगळा गाभा आहे.

ई जीवनसत्त्व साखळी अडवून रिकामं झालं की ते भिंतीच्या काठावर येऊन क जीवनसत्त्वाकडून उसनं घेतं. हा व्यवहार १९७९ मध्ये पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवला. क जीवनसत्त्व रिकामं झालं की ते ग्लुटाथायोन नावाच्या एका छोट्या रेणूकडे जातं. ग्लुटाथायोनची झोळी रिकामी झाली की ते एनएडीपीएच या रेणूच्या दारात उभं राहतं. आणि एनएडीपीएच कुठून आणणार? तांबड्या पेशीत त्याचा एकच भरवशाचा उगम आहे, तो म्हणजे साखर. रक्तातलं ग्लुकोज पेशीत शिरतं, त्यातलं थोडं एका आडवाटेने वळवलं जातं आणि त्या वाटेच्या तोंडाशी बसलेलं विकर त्यातून एनएडीपीएच तयार करून देतं. विकराचं नाव लांबलचक आहे, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. सगळे त्याला जी-६-पीडी म्हणतात.

म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून वाटीभर साखर उसनी आणावी, त्याने पलीकडच्याकडून, आणि अखेर सगळे एकाच दुकानाशी जाऊन पोचावेत, तशी ही उसनवारी आहे. दुकान उघडं असेल तोवर चाळीत कोणाचं अडत नाही. ते बंद पडलं तर मात्र नुसत्या वाट्या वाढवून साखर येणार नाही.

आता या व्यवस्थेत औषध काय करतं ते पाहू. डॅप्सोनचं उदाहरण घेतो, कारण त्याचं आपल्या मातीशी नातं आहे. अमेरिकेत लुईझियानातल्या कार्व्हिलला १९४१ मध्ये गाय फॅगे यांनी सल्फोन वर्गातलं प्रोमिन कुष्ठरोग्यांना दिलं आणि हजारो वर्षं बरा न होणारा हा रोग औषधाला नमतो हे दिसलं. त्यानंतर काही वर्षांतच त्याच कुळातलं स्वस्त, पोटातून घेता येणारं डॅप्सोन जगभर गेलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन, या संस्था ज्या काळात उभ्या राहिल्या तो काळ हाच. रोग बरा होऊ शकतो ही खात्री या पांढऱ्या गोळीने दिली. १९८० च्या दशकात तिच्या जोडीला रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन आली आणि बहुविध औषधोपचार सुरू झाला. आजही त्या पाकिटात प्रौढ माणसासाठी रोजची १०० मिलिग्रॅम डॅप्सोनची गोळी असते. इतक्या लोकांचं आयुष्य सावरणाऱ्या औषधाबद्दल मी आदरानेच लिहितो आहे.

डॅप्सोन स्वतः रक्ताला फारसा त्रास देत नाही. यकृत ते मोडायला घेतं तेव्हा त्याचं हायड्रॉक्सिलअमाइन होतं, आणि हा रेणू तांबड्या पेशीत शिरला की हिमोग्लोबिनला गंजवतो. तसं करताना तो स्वतःही बदलतो, निरुपद्रवी होण्याच्या बेतात असतो. इतक्यात पेशीचा रक्षक ग्लुटाथायोन येऊन त्याला इलेक्ट्रॉन देतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होऊन दुसऱ्या हिमोग्लोबिनवर जातो. रक्षकच शत्रूला पुन्हा पुन्हा शस्त्र पुरवतो. त्यामुळे एक रेणू कित्येक हिमोग्लोबिन नासवतो आणि दर फेरीला ग्लुटाथायोन खर्च होतं. नासलेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन भिंतीला चिकटतं. मिथिल व्हायोलेटसारखा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशीच्या कडेला जांभळे ठिपके दिसतात. १८९० मध्ये रॉबर्ट हाइन्झ यांनी त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना हाइन्झ पिंडिका म्हणतात. प्लीहेतून जाताना ते ठिपके ओरबाडून काढले जातात आणि पेशी बाहेर पडते ती पोळीचा घास तोडावा तशी कड तुटलेली. अशी पेशी फार दिवस जगत नाही.

बहुतेक रुग्णांत हे सगळं थोडक्यात निभावतं. हिमोग्लोबिन जरा उतरतं, अस्थिमज्जा जास्त पेशी बनवून भरपाई करते. ज्यांचं ते दुकानच मुळात अधू आहे त्यांच्यावर मात्र प्रसंग ओढवतो.

असं दुकान असतं हे कळलं ते हिवतापाच्या औषधामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग सुरू झाले. बंदिवानाची संमती कितपत खरी, हा प्रश्न त्या प्रयोगांना कायमचा चिकटलेला आहे आणि तो चिकटलेलाच राहायला हवा. तिथे प्रायमाक्विन दिल्यावर काही जणांच्या, विशेषतः काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या, तांबड्या पेशी धडाधड फुटत. दोष औषधाचा, शरीराचा की रक्ताचा? १९५४ मध्ये आल्फ आल्व्हिंग यांच्या गटाने फार सुबक प्रयोग केला. त्रास होणाऱ्या माणसाच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या त्रास न होणाऱ्या माणसाच्या रक्तात सोडल्या आणि मग त्याला प्रायमाक्विन दिलं. खूण केलेल्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. उलट बाजूने करून पाहिलं तर उलटं झालं. दोष पेशीतच होता. त्याच गटातल्या तरुण अर्नेस्ट ब्यूटलर यांना या पेशींत ग्लुटाथायोन टिकत नाही असं आढळलं, आणि १९५६ मध्ये पॉल कार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ गाठलं : जी-६-पीडीची कमतरता.

ही कमतरता जगात सुमारे ४० कोटी लोकांत आहे. तिचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून पुरुषांत ती उघड दिसते आणि स्त्रियांत कमी-अधिक. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे ती जास्त, कारण हिवतापाच्या परजीवीला अशा पेशीत बस्तान बसवणं जड जातं. आपल्याकडे पारशी समाजात आणि कित्येक आदिवासी समाजांत तिचं प्रमाण लक्षणीय आहे. तिच्या एका प्रकाराचं नावच ‘कल्याण’ आहे. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात हा प्रकार नोंदला गेला, आणि पुढे १९९२ मध्ये कळलं की केरळात सापडलेला दुसरा प्रकार जनुकाच्या पातळीवर हाच आहे. तेव्हापासून शास्त्रीय वाङ्मयात तो ‘केरळ-कल्याण’ म्हणून ओळखला जातो. लोकल गाड्यांच्या फलकावर रोज वाचायचं नाव रक्तशास्त्राच्या ग्रंथात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

बहुतेकांना आपल्यात अशी उणीव आहे हे आयुष्यभर कळतही नाही. कळतं ते प्रसंगाने. प्रायमाक्विन, डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गावरचं नायट्रोफ्युरँटॉइन, अशा औषधांनी. बाकल्याच्या शेंगांनीही ते होतं. आपले वाल आणि पावटे ही वेगळी जात आहे, त्यांना घाबरायचं कारण नाही. पण डांबरगोळीला घाबरावं. बाळ घरी येतं तेव्हा आजी हौसेने ट्रंकेतली दुलई काढते. वर्षभर तिच्या घड्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. त्यातलं नॅफ्थलीन बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून आत जातं, आणि बाळाच्या पेशींत जी-६-पीडी कमी असेल तर दोन-तीन दिवसांत बाळ पिवळंधमक होतं. ट्रंकेतली दुलई आधी धुवावी, कडक उन्हात चांगली वाळवावी, वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाच्या अंगावर घालू नये. प्रत्येक बाळंतिणीच्या घरी हे सांगितलं गेलं पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे. क आणि ई जीवनसत्त्वं देऊन औषधाची ही झळ थांबवता येते का?

प्रयोगशाळेतल्या नळीत येते. माणसात हिशेब इतका सरळ नाही. डॅप्सोन घेणाऱ्या त्वचारोग्यांना ई जीवनसत्त्व देऊन १९९२ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात रक्ताला अंशतः संरक्षण मिळालं, पुरतं नाही. भूमध्यसागरी प्रकारची जी-६-पीडीची कमतरता असलेल्या २३ जणांना १९८० मध्ये रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, तेव्हा त्यांच्या पेशी जरा जास्त जगल्या. पण इतरांनी नंतर केलेल्या चाचण्यांत तो लाभ ठामपणे दिसला नाही. डॅप्सोनच्या बाबतीत खरा फरक पडला तो आम्लपित्तावरच्या सिमेटिडिनने, कारण ते यकृतातच हायड्रॉक्सिलअमाइनची निर्मिती कमी करतं. ज्याच्या आहारात उणीव नाही अशा माणसाच्या पेशीत ई जीवनसत्त्वाची आणखी वाटी ठेवून फारसं साधत नाही, असंच या सगळ्यातून मला दिसतं. कमी पडलेली असते ती दुकानातली साखर.

क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर धोकाही आहे. रिकामं झालेलं क जीवनसत्त्व भरून द्यायला ग्लुटाथायोन खर्ची पडतं. माणसाची तांबडी पेशी तर हे रिकामं क जीवनसत्त्व मुद्दाम आत ओढून घेते. आपण, गिनीपिग, वटवाघळं अशा क जीवनसत्त्व स्वतः बनवू न शकणाऱ्या प्राण्यांच्या पेशींत ही खास सोय आहे, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. एरवी ती वरदान आहे. पण शिरेतून प्रचंड मात्रा दिली तर हीच सोय ग्लुटाथायोनचं दिवाळं काढते, आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं ते निराळंच. १९७५ मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याला लागोपाठ दोन दिवस ८० ग्रॅम क जीवनसत्त्व शिरेतून दिलं गेलं. त्याच्यात जी-६-पीडीची कमतरता होती. पेशी इतक्या फुटल्या की अखेर तो दगावला. ८० ग्रॅम म्हणजे आपल्या रोजच्या गरजेच्या सुमारे हजारपट. गोरं होण्यासाठी, ताकद येण्यासाठी, कर्करोगावर म्हणून आज शहरांत क जीवनसत्त्वाची सलाइन टोचली जाते. त्याआधी जी-६-पीडीची तपासणी झाली नसेल तर ते मला गुन्ह्यासारखं वाटतं.

टीपकागदावरच्या तपकिरी रक्ताचा तातडीचा उपाय म्हणजे मिथिलीन ब्लू हा निळा रंग शिरेतून देणं. निळा पडलेला माणूस निळ्या औषधाने गुलाबी होतो. पण या औषधालाही काम करायला एनएडीपीएच लागतं, म्हणजे जी-६-पीडी लागतं. ते नसेल तर उपयोग नाहीच, वर पेशी आणखी फुटतात. तेव्हा मिथिलीन ब्लू बाजूला ठेवून बेताच्या मात्रेत क जीवनसत्त्व दिलं जातं. काम सावकाश होतं, पण इथे त्याला खरी जागा आहे. एकच रेणू एका मात्रेत आधार आणि हजारपट मात्रेत घातक, ही सीमारेषा डॉक्टरनेच सांभाळायची असते.

‘जास्त घेतलं तर बिघडलं कुठे’ असं म्हणणाऱ्यांसाठी फिनलंडची एक गोष्ट. तिथे २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांना ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन देऊन पाहिलं. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अपेक्षा अगदी उलट होती.

ताटाबद्दल थोडंच सांगायला हवं. क जीवनसत्त्वाची प्रौढ माणसाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम. एक मध्यम पेरू ती भागवून उरतो, आवळा तर कितीतरी जास्त देतो. वरणावर पिळायचं लिंबू चुलीवरून उतरल्यावर पिळावं, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व मरतं. ई जीवनसत्त्व करडई-सूर्यफुलाच्या तेलात आणि शेंगदाण्यात असतं, पण तेच तेल पुन्हा पुन्हा तळणाला वापरलं तर उरत नाही. बाटलीतलं तेल उशिरा खवट होतं ते त्यातल्या याच जीवनसत्त्वामुळे, आणि तळणीत ते आधी स्वतः जळतं. कुष्ठरोगाचं औषध घेणारी माणसं बहुधा अशा घरांतली असतात जिथे पेरू आणि शेंगदाणेही रोज नसतात. त्यांना जीवनसत्त्वाची गोळी द्यावी की नाही यावर वाद घालण्याआधी त्यांच्या ताटात काय आहे ते पाहावं, असं मला कळकळीने वाटतं.

आणि औषध सुरू करण्याआधी रक्तातलं जी-६-पीडी पाहावं. तपासणी साधी आहे आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. फक्त पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तेव्हा करू नये. कमी विकर असलेल्या म्हाताऱ्या पेशी आधीच संपलेल्या असतात, नव्या पेशींत ते जास्त असतं, आणि अहवाल फसवा ‘नॉर्मल’ येतो. अशा वेळी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा पाहावं. कमतरता निघाली म्हणून सगळे उपचार बंद होतात असंही नाही. व्हायवॅक्स हिवतापात रोज १४ दिवस घ्यायचं प्रायमाक्विन अशा माणसाला देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असं ८ आठवडे देता येतं. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात, जिथे आदिवासी वस्ती आहे आणि प्रायमाक्विनही रोजच्या वापरात आहे, तिथल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ही तपासणी हाताशी असायला हवी.

एवढं लक्षात ठेवा. प्रायमाक्विन किंवा डॅप्सोन सुरू केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसू लागले, जिना चढताना धाप लागली किंवा ओठ निळसर पडले, तर पुढची गोळी घेऊ नका, व्हिटॅमिनची गोळी शोधत बसू नका आणि सकाळची वाट पाहू नका. औषधाचं पाकीट बरोबर घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांना जी-६-पीडी हा शब्द स्वतःहून सांगा.